सहा सूत

मी आजवर बनवलेल्या लाकडी वस्तूंपैकी एकही वस्तू ज्या कामासाठी बनवली त्या कामाला लागलेली नाही.

पहिला होता मोबाईल ठेवायचा स्टँड. त्यावर मोबाईल ठेवला की तो साष्टांग नमस्कार घालायचा. हल्ली तो स्टँड मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराखाली सरकवलेला असतो. मग केलं चिमण्यांसाठी घरटं. सहा महिन्यांत एकाही चिमणीने गृहप्रवेश केला नाही, तेव्हा आमच्या ह्यांनी त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. किल्ल्या अडकवायची पाटी तर किल्ल्यांसकट खाली आली, आणि येताना भिंतीचा वीतभर गिलावा सोबत घेऊन आली!

तीस वर्षं शाळेत पोरांना गणित शिकवलं. निवृत्त झाले आणि दुपार खायला उठली. पुण्याच्या मुलाने हत्यारांची एक पेटी पाठवून दिली, करवत, रंधा, पटाशी, हातोडी, सगळं आत. मग मी मोबाईलवर 'नवशिक्यांसाठी सोपं लाकूडकाम' बघायला लागले. त्यातला माणूस अर्ध्या तासात स्टूल करतो आणि त्याच्या शर्टाला भुसा लागत नाही. माझ्या मात्र आमटीतसुद्धा भुसा निघायचा. जळगावला लागून पिंप्राळ्यात आमचं घर, घराला मागे छोटं अंगण, तिथे माझा कारखाना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला करवत चालवता येईना म्हणून मी लाकडाला वाकडं म्हणायचे. (अंगणही थोडं वाकडं आहेच.)

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि थोरले दीर शिंदखेड्याला शेती बघतात. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का त्या घरात चार वर्षं मुरलेल्या होत्या, आणि मी नोकरीवाली. दोन दिवस सुटीला जायचं, तिसऱ्या दिवशी जळगावची एसटी पकडायची. त्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या. ते कौतुकाने की टोमण्याने, हे मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. भांडण असं कधीच झालं नाही. नुसतं सूत जुळलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात असायचं की या खेड्यातल्या बाईशी बोलायचं तरी काय, आणि त्यांच्याही मनात तसंच काही असणार.

दर श्रावणात आमच्या भाऊबंदांची कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साजशृंगार करून देवी मांडायची, रविवारी बसवायची, सोमवारी सकाळी चौरंगासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायची. सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून रोटाचं, म्हणजे देवीच्या प्रसादाचं, जेवण जेवायचं. दरवर्षी एकाच्या घरी. यंदा आमची पाळी होती. एरंडोलपासून शिंदखेड्यापर्यंतचे तीस-पस्तीस लोक यायचे होते.

श्रावण लागायच्या आधी अक्कांचा फोन आला.

"सुमन, चौरंगले वाळवी लागनी व. पाय, चौकट बठ्ठं खाई टाकं. वरनी फळी मातर साजरी शे."

"मग नवा घेऊ का बाजारातून?"

"फळी आबाना हातनी शे. ती बदलानी नही."

आबा म्हणजे आमचे सासरे. शेतकरी माणूस, पण हाताने चार वस्तू करायचे. ते जाऊन पंधरा वर्षं झाली. आता या ठिकाणी कुठल्याही शहाण्या बाईने 'एखादा सुतार बघते' एवढंच म्हटलं असतं. पण माझ्या अंगात तो अर्ध्या तासात स्टूल करणारा माणूस संचारला.

"अक्का, चौकट आणि पाय मी करते! माझ्या हाताने. तुम्ही येताना फळी तेवढी घेऊन या."

 

"तू करशी?" अक्का म्हणाल्या. "बरं. माप सांगस, लिखी ले. एक फूट पाच इंच, नि वर सहा सूत. चौरस शे, चारी कडनी तितलीच. फळी चौकटना आत बसास. सूत समजनं ना?"

"समजलं की अक्का! तीस वर्षं गणित शिकवलंय मी!"

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर विसरणार नाही, आणि आमचे हे मला विसरू देणार नाहीत.

फोन ठेवला आणि कागदाकडे बघत बसले. एक फूट पाच इंच म्हणजे सतरा इंच, हे कळलं. सहा सूत? मीटर कळतो, सेंटीमीटर कळतो, हात-वीतही कळते. पण लाकडाच्या मापात सूत कुठून आलं? परत फोन करून विचारायचं म्हणजे मास्तरणीने नाक खाली करायचं. त्यापेक्षा मी ह्यांना विचारलं.

"अहो, सूत म्हणजे काय?"

आमच्या ह्यांची उभी हयात जिनिंगमध्ये, कापसाच्या गाठी मोजण्यात गेली. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि असे बघायला लागले जणू मी 'पाणी म्हणजे काय' विचारलंय.

"सूत म्हणजे सूत! दोरा! अख्ख्या खान्देशात कापूस पिकतो आणि तू विचारतेस सूत म्हणजे काय?"

"अहो, पण लाकडाच्या मापात?"

"म्हणजे सहा दोऱ्यांच्या जाडीएवढं जास्त धरायचं. जुने लोक फार बारीक काम करायचे अगं. एका दोऱ्याचासुद्धा फरक चालायचा नाही त्यांना!" मग त्यांनी जरा विचार केला. "पण कितीचं सूत ते सांगितलं का वहिनींनी? वीसचं की चाळीसचं? चाळीसचं बारीक असतं."

झालं! आता प्रश्न शास्त्रीय झाला. देवीचं काम आहे, तर बारीकच असणार, असं आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं आणि चाळीसचं सूत मुक्रर केलं. हे स्वतः जाऊन ओळखीच्या माणसाकडून रीळ घेऊन आले. मग मी चारही पट्ट्यांवर सतरा इंचांची खूण केली, खुणेच्या पुढे डिंकाचं बोट फिरवलं आणि सहा-सहा दोरे एकाला एक चिकटवून बसवले. सुईत दोरा ओवायला मला दोन चष्मे लागतात. चोवीस दोरे चिकटवायला अख्खी दुपार गेली. सहाव्या दोऱ्याच्या पुढे पेन्सिलीने रेघ मारली. ते सहा दोरे मिळून जाडी किती भरली म्हणाल? नखाच्या कडेएवढी.

"बघ," हे म्हणाले, "याला म्हणतात काम."

पुढचे पंधरा दिवस मी जे खपले ते मला दहावीच्या पेपर तपासणीतही खपल्याचं आठवत नाही. चौकट झाली, चार पाय लागले, एक पाय आखूड निघाला म्हणून त्याच्याखाली चकती लावली, दोनदा पॉलिश केलं. डिंकात अडकलेले दोरे मात्र निघेनात. कोपऱ्यांत आतल्या बाजूला सहा-सहा बारीक रेघा तशाच राहिल्या. म्हटलं राहू देत, फळी बसली की झाकल्या जातील. आणि खरं सांगते, तो चौरंगाचा सांगाडा अंगणात उन्हात ठेवला तेव्हा मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू चारही पायांवर उभी होती.

रविवारी भल्या सकाळी अक्का आल्या. थोरले दीर आणि बाकी मंडळी दुपारपर्यंत यायची होती. अक्कांच्या एका हातात पिशवी, आणि काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फळी.

"शिंदखेडाफाईन मांडीवर ली उनू," त्या म्हणाल्या. "कंडक्टर म्हने वर ठेव. म्या सांगं, माले खाले उतार, पन फळी वर ठेवाव नही." फळी माझ्या हातात दिली आणि आंघोळीला गेल्या.

मी धावत अंगणात गेले. लुगडं सोडलं. काळीभोर, गुळगुळीत फळी, इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवाने डागळलेली. चौकटीवर ठेवली.

बसेना.

फिरवून ठेवली. बसेना. (चौरस फळी फिरवली काय न फिरवली काय, हे गणिताच्या मास्तरणीला कळायला हवं होतं.) कोपऱ्यावर हातोडीने हलकेच ठोकलं. फळी काही आत गेली नाही, चौकटीचा सांधा मात्र 'कट्' करून उघडला.

"अहो!" मी ओरडले, म्हणजे कुजबुजत ओरडले. "अहो, इकडे या! अक्का बाथरूममध्ये आहेत ना?"

हे आले. दोघांनी बघितलं. फळी जवळजवळ बोटभर मोठी होती.

"सूत वीसचं असेल," हे म्हणाले.

"वीसचं सोडा, दोरखंड लावला असता तरी पुरला नसता!"

आतून तांब्याचा आवाज येत होता. तो आहे तोवर आम्हाला वेळ होता. तीस-पस्तीस लोक येणार, कानबाई बसायची, आणि चौरंगाला वरचा भाग नाही! एरंडोलचे नाना येणार होते, सासऱ्यांचे चुलतभाऊ, जे लग्नात नवरदेवाआधी मांडवाचे खांब सरळ आहेत का ते बघतात. पण मला भीती नानांची नव्हती. मला अक्कांची होती. 'तू करशी?' हे त्यांचे दोन शब्द पंधरा दिवस माझ्या कानात वाजत होते, आणि त्यांचं उत्तर आता माझ्यासमोर चार पायांवर उभं होतं.

"बोटभरच तर आहे," हे खालच्या आवाजात म्हणाले. "फळी एका बाजूने थोडी कापली तर? कुणाला कळतंय."

लाज वाटते सांगायला, पण मी करवत उचलली. खूण करायला म्हणून फळी उलटी केली, आणि मागच्या बाजूला, पॉलिश नसलेल्या लाकडावर, जुन्या पेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला. १७॥।

जुन्या पद्धतीत पाव, अर्धा, पाऊण असे उभ्या रेघांनी लिहीत. मी पोरांना गंमत म्हणून फळ्यावर लिहून दाखवायचे. म्हणजे पावणेअठरा. सतरा इंच आणि पाऊण. सतरा इंच आणि सहा सूत. सहा सूत म्हणजे पाऊण. म्हणजे इंचाचे आठ भाग, आणि एक भाग म्हणजे एक सूत! तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की आधी उदाहरण नीट वाचा, मग सोडवा. आणि मी स्वतः उदाहरण न वाचता रीळ आणायला पाठवलं होतं.

मी करवत खाली ठेवली. तेवढ्यात लक्षात आलं की तांब्याचा आवाज थांबलाय.

दारात अक्का, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. ह्यांनी पटकन चौकटीसमोर उभं राहून आपल्या सदऱ्याच्या बाह्या ताणल्या; त्याने काय झाकलं जाणार होतं देव जाणे.

"वहिनी, पॉलिश ओलं आहे अजून," हे म्हणाले.

"भाऊ, सरक."

भाऊ सरकले. अक्का खाली बसल्या. उघडलेला सांधा बघितला. फळी बघितली. करवत बघितली. मग चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात वाकून बघायला लागल्या.

"हाई काय शे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सहा सूत," मी म्हणाले.

अक्कांनी नखाने एक दोरा उचकटून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. परत दोऱ्याकडे पाहिलं.

"दोरा लाया तू?"

"चाळीसचा," हे मागून म्हणाले.

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं रडतायत. फळी नासली, आबांची आठवण नासली, असं काहीबाही माझ्या मनात आलं. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. अक्का हसत होत्या! खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, एका हाताने चौकट धरली होती आणि चौकट त्यांच्याबरोबर हलत होती.

"अव माय व! चाळीसना दोरा!"

त्या हसल्या म्हणून हे हसले, आणि शेवटी मीही हसले, पण माझ्या हसण्यात निम्मं रडू होतं. मी सगळं सांगून टाकलं. फोनवर समजलं म्हणाले ते खोटं होतं, हेही सांगितलं, आणि करवत कशासाठी उचलली होती तेही.

"पण मागे आबांनी आकडा लिहून ठेवलाय," मी म्हणाले, "तो दिसला म्हणून थांबले."

"आबानी नही लिखा," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. "आबाले लिखता येत नव्हतं. तो मना हातना आकडा शे. नवी व्हतू मी तवय. आबा करवतनं एक टोक स्वतः धरेत, दुसरं माले धराले लावेत. चौथी पास शे मी, मास्तरीण."

ज्या बाईशी काय बोलायचं म्हणून मी दोन दिवसांत एसटी पकडायचे, तिच्या हातचं अक्षर मी आज कापायला निघाले होते.

"मला हे कुणी सांगितलंच नाही कधी," मी म्हणाले.

"तुले कोनी सांगं नही. नि तू बी कोनले विचारं नही." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, माप सांगावं तसं म्हणाल्या. मग पदर खोचला. "हातोडी दे. फळी आत कसाले कोंबस? काठवर ठेव."

आणि खरंच, चौकटीच्या काठावर फळी ठेवली तर ती नीट बसली. जे सहा सूत जास्त होते ते वाटले गेले, तीन या बाजूच्या काठावर, तीन त्या बाजूच्या. सरकू नये म्हणून अक्कांनी खालून चार छोटे लाकडी ठोकळे बसवायला सांगितले. उघडलेल्या सांध्यात पाचर ठोकली. ठोकळ्यासाठी पट्टी कापायची होती, तर करवतीचं एक टोक त्यांनी धरलं आणि दुसरीकडे मला हात लावायला सांगितलं. (एका माणसाची छोटी करवत ती, दुसऱ्याची काही गरज नव्हती. पण मी धरली.)

"आबांच्या फळीला खिळा मारायचा?" मी घाबरत विचारलं.

"खालून शे. आबा काई म्हनाव नहीत."

दुपारी कानबाई बसली. एरंडोलचे नाना आले, आणि पायातलं काढायच्या आधी त्यांची नजर चौरंगावर गेली.

"हाई फळी वर कशी? आत बसे ना पहिले?"

मी तोंड उघडलं, पण अक्का पुरणाच्या पातेल्यावरून मानही न उचलता म्हणाल्या, "आते अशीच ऱ्हास, नाना. जळगावनी नवी तऱ्हा शे."

नानांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ते तीन जणांना जळगावची नवी तऱ्हा समजावून सांगत होते.

सोमवारी सकाळी देवी उठवायची वेळ झाली. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान दरवर्षी अक्कांचा. त्यांनी कुंकू लावलं, आणि मागे सरून मला पुढे केलं.

"तुना चौरंग शे. तूच उचल."

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माझा चौरंग, चौरंगावर कानबाई. दोन पावलं टाकली आणि 'कर्रर्र' असा आवाज आला. सांधा गेला! आता अख्ख्या कॉलनीसमोर देवी खाली येणार! मी जागच्या जागी थिजले.

"काय व्हयनं?" अक्का कानाशी म्हणाल्या.

"अक्का, वाजलं काहीतरी. चौरंग तुटतोय."

त्यांनी खाली वाकून ऐकलं. मी अजून एक पाऊल टाकलं. कर्रर्र.

"चौरंग नही," अक्का म्हणाल्या, "तुना गुडघा शे. चाल."

पाटचारीच्या पाण्यापर्यंत माझा गुडघा वाजत राहिला आणि चौरंग गप्प राहिला. पूर्ण वाटभर अक्कांचा एक हात माझ्या कोपराला होता.

आता दर आठवड्याला फोन होतो. त्या मला लाकडाचं सांगतात, मी त्यांना मोबाईलचं सांगते, आणि दोघींना दोन्ही नीट कळत नाही. त्या सहा दोऱ्यांची गोष्ट मात्र अक्कांनी आजतागायत कुणाला सांगितली नाही. ना थोरल्या दिरांना, ना नानांना. मीच ती आता साऱ्या जगाला सांगत बसले आहे. पण माझा तरी काय दोष? जे सहा सूत माझ्या चौकटीत मावले नाहीत, ते माझ्या पोटात कुठून मावणार!